बाबा एक ओळ जास्त म्हणतात

४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

रविवारी मी फोन आपटला नाही, ठेवला. जरा जोरात ठेवला असेन. पण त्याआधीच तू "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" सुरू केलं होतंस, आणि तुला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं हे मला माहीत आहे. म्हणून लिहितोय. बाबांचा नियम आठवतो ना? भांडायचं तर कागदावर भांडा, लिहिताना माणूस निम्मं स्वतःच खोडतो. लहानपणी आपण एकाच घरात या खोलीतून त्या खोलीत चिठ्ठ्या सरकवून भांडलोय. आता दोन शहरांतून भांडू.

मुद्द्यावर येतो. परवा आत्या आली होती. बोलता बोलता म्हणाली, की तू बाबांना तुझ्या चर्चमध्ये मिस्सेला नेतेस. मी म्हटलं, नेलं असेल एखाद्या वेळी. तर म्हणाली, "एखाद्या वेळी कसलं, दर रविवारी, कोट घालून, दुसऱ्या बाकावर."

तू लग्न करून कॅथलिक झालीस तेव्हा मी काही बोललो नाही. बरं, थोडं बोललो. पण तू शहाणीसवरती होतीस आणि निर्णय तुझा होता. बाबाही तेच म्हणाले होते, "ती विचार करून गेली. विचार न करता राहिली असती तर मला जास्त वाईट वाटलं असतं." आणि तुझ्या लग्नात तेच बाबा काय करत होते? सगळं चर्च गुडघ्यांवर आणि आपला बाप मधोमध ताठ उभा. जेवताना तुझ्या सासऱ्यांनी काळजीने विचारलं, गुडघे दुखतात का? तर म्हणाले, "गुडघे ठणठणीत आहेत. मत वेगळं आहे."

असा हा माणूस. जन्मभर वजनमाप निरीक्षकाची नोकरी केली, दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले, पण कोणाच्या तोंडच्या शब्दावर एक शिक्का मारला नाही. देवाच्या बाबतीतही तोच खाक्या. पाळकांनी उपदेशात काही सांगितलं की घरी येऊन शास्त्र उघडायचे आणि पडताळून बघायचे. आपल्या प्रोटेस्टंट मंडळीचं म्हणणं तरी दुसरं काय आहे? देव आणि माणूस यांच्यामध्ये तिसरा कोणी नको. ज्याने त्याने स्वतः वाचावं, स्वतः समजून घ्यावं, आणि हो किंवा नाही ते स्वतःच्या तोंडाने म्हणावं. आता बाबांना वाचता येत नाही, वाचून दाखवलं तर कळत नाही, आणि नाही म्हणायचं असतं हेही आठवत नाही. नेमकं आत्ताच तू त्यांना तिकडे नेऊन बसवतेस. हे मला पटत नाही.

इथे आमच्या मंडळीचा वृद्धाश्रम आहे. स्वच्छ आहे, नर्स आहेत, रोज सकाळी उपासना असते, त्यांच्या ओळखीची गाणी असतात. मार्चअखेर एक जागा रिकामी होते आहे. मी बाबांना इकडे आणायचं म्हणतोय. तुझ्यावर राग काढायला नाही. त्यांचं जे आहे ते शेवटपर्यंत त्यांचंच राहावं म्हणून.

जावईबुवांना सलाम. वहिनी विचारते आहे, बाबांच्या पायाची सूज उतरली का.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सूज उतरली. वहिनीला सांग, मीठ कमी केलंय आणि त्यावरून रोज बोलणी खाते आहे. काल बाबांनी एक घास घेतला, वाटी तळहातावर धरून तोलली आणि म्हणाले, "माल कमी आहे. शिक्का मिळणार नाही." भाजी परत पाठवली. मी गुपचूप तीच वाटी दुसऱ्या ताटात ठेवून आणली, तर म्हणाले, "हां, आता बरोबर." तेव्हा तुझे निरीक्षकसाहेब अगदीच काही अढळ राहिलेले नाहीत, एवढं लक्षात घे.

आत्याने तुला अर्धीच बातमी दिली. उरलेली माझ्याकडून घे. रविवारी सकाळी हे चर्चमध्ये गायला जातात. सहा दिवस लिफ्ट दुरुस्त करत खड्ड्यात ग्रीस खाल्ल्यावर तेवढीच त्यांची हौस, ती मी बंद करणार नाही. मलाही जायचं असतं. बाबांना घरात एकटं ठेवायची सोय राहिलेली नाही. एकदा ठेवलं, तर कोपऱ्यावरच्या दुकानात शिरून त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा उलटा करून बघत होते, आणि दुकानदार बिचारा "आजोबा, आजोबा" करत मागे फिरत होता. म्हणून बरोबर नेलं. पहिल्यांदा सोय म्हणून नेलं, हे कबूल.

पण नंतर मी सोय म्हणून नेत नव्हते. दादा, तुला माहीत नाही, कारण तू फोनवर पाच मिनिटं बोलतोस. बाबा दिवसभर विचारतात, "आई कुठे गेली?" आपली आई. मी म्हणते, बाजारात गेली. कधी खरं सांगितलं तर ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात, म्हणून आता बाजारच सांगते. शाळेचे गणवेश कापायला बसले तरी कात्री थांबवून बाजार सांगते. आठवड्यात एकच तास ते हे विचारत नाहीत, तो मिस्सेचा. तो तास तू माझ्याकडून काढून घ्यायला निघाला आहेस.

आता तुझ्या मुद्द्याचं. तू म्हणतोस, विश्वास म्हणजे स्वतः समजून स्वतः हो म्हणणं. ठीक. मग आता बाबांकडे काय उरलं? तुझ्या हिशेबाने काहीच नाही. मला ते मान्य नाही. बाळाला बाप्तिस्मा देतो तेव्हा बाळाला काय समजलेलं असतं? चारचौघं त्याच्या वतीने म्हणतात, आणि ते मोठं होईपर्यंत त्याचा विश्वास आपल्याकडे सांभाळून ठेवतात. मग म्हाताऱ्याचा का नाही सांभाळायचा? आमच्यात विश्वास एकट्याचा नसतो, घरासारखा सगळ्यांचा असतो. घरातला एक आजारी पडला म्हणून बाकीच्यांनी चूल विझवायची नसते.

आणि तिथे कोणी त्यांच्यावर काही लादत नाही. ते शांत बसतात. काही करत नाहीत, काही बोलत नाहीत. तेव्हा तुझी जागा दुसऱ्या कोणाला दे.

तुझी,
बारकी

२० फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझा बाळाचा मुद्दा चांगला आहे. दोन दिवस डोक्यात घेऊन हिंडलो. आमच्या मंडळीतही बाळाला बाप्तिस्मा देतात, ते तू लिहायचं विसरलीस, मी मोठ्या मनाने लिहितो. पण फरक बघ. बाळ मोठं होऊन एक दिवस म्हणू शकतं, की तुम्ही माझ्या वतीने म्हटलं ते मला मान्य नाही. तू स्वतः लग्नाच्या वेळी म्हणालीसच की. बाबा ते आता कधीच म्हणू शकणार नाहीत. बाळाचं दार पुढे उघडणार असतं. बाबांचं बंद होत आलंय, आणि तू घाईघाईने आत सामान सरकवते आहेस.

तुझे फादर म्हणत असतील, बुद्धी आणि विश्वास हातात हात घालून चालतात. लग्नाआधी तूच मला ते तासभर समजावलं होतंस. आम्हाला बुद्धीवर एवढा भरवसा नाही. बुद्धी वकिलासारखी, जो नेमेल त्याची बाजू मांडते. मी रोज बघतो. आमच्या प्रयोगशाळेत बांधकामावरून काँक्रीटचे ठोकळे येतात. ते यंत्रात घालून दाबायचे आणि किती भाराला फुटले ते लिहायचं, एवढंच काम. गेल्या महिन्यात एका पुलाचे ठोकळे फार लवकर फुटले. त्यांचा इंजिनियर आला. हुशार माणूस. ठोकळे कच्चे असले तरी पूल पक्का कसा, हे त्याने मला इतकं छान समजावलं की मला एकाही वाक्यात चूक काढता आली नाही. मी फक्त म्हटलं, "साहेब, ठोकळा फुटला." आमचे मोठे साहेबसुद्धा खाली मान घालून बसले होते. त्या खोलीत माझ्या बाजूने एक माणूस नव्हता. देवासमोर एकट्याने उभं राहायची सवय असेल तर अशा खोलीतही उभं राहता येतं. ती सवय मला बाबांनी लावली, म्हणून ती त्यांच्याकडून कोणी काढून घेतलेली मला बघवत नाही.

या सवयीचा तोटा आहे, तोही सांगतो. आमच्यात दोघांचं पटलं नाही की तिसरी मंडळी निघते. आमच्या एका रस्त्यावर आता तीन चर्च आहेत आणि तिन्हींचं छप्पर गळतं. तुमच्यात हजार भांडणं एका छपराखाली सुखाने नांदतात. त्याचा मला कधीकधी हेवा वाटतो. हे आत्याला सांगू नकोस.

आता खरं सांग. आत्या काल पुन्हा आली होती. तिला वाटतं मला माहीतच आहे, म्हणून हसत हसत सांगत होती की बाबा तुझ्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना ओरडतात आणि लोक वळून बघतात. तू लिहिलंस, शांत बसतात, काही बोलत नाहीत. काय ओरडतात? विरोध करतात ना? त्या माणसाचं सगळं गेलं, पण तेवढं शिल्लक असेल, तर तो एकटा ओरडतोय आणि त्याची पोरगी त्याला गप्प करते आहे. हे वाचून तुला राग येईल. मलाही लिहिताना आला.

आणखी एक. त्यांना कम्युनियनची भाकर देतात का? तब्येत चांगली असताना त्यांनी तुमच्याकडचं कधीच घेतलं नसतं. आता दिलं असेल तर ती चोरी आहे.

आश्रमाला मी हो सांगितलंय. मार्चच्या चौथ्या आठवड्यात न्यायला येतो.

दादा

१ मार्च

प्रिय दादा,

राग आला. दोन दिवस आला, मग गेला, कारण खोटं मीच लिहिलं होतं. शांत बसतात हे खरं नाही. का लिहिलं? तुला कळलं की तू त्यांना घेऊन जाशील, या भीतीने. आणि तू निघालासच. म्हणजे खोटं बोलूनही उपयोग झाला नाही. आता खरं ऐक.

प्रभूची प्रार्थना तुमची आणि आमची एकच, फक्त शेवट वेगळा, हे तुला माहीत आहे. वाईटापासून सोडव, इथपर्यंत आम्ही सगळे मिळून म्हणतो आणि थांबतो. मग फादर एकटे एक छोटी प्रार्थना म्हणतात. राज्य तुझं, सामर्थ्य तुझं, गौरव तुझं, ही ओळ आम्ही त्यानंतर म्हणतो. तुम्ही ती न थांबता एका दमात म्हणता. बाबा पंच्याहत्तर वर्षं एका दमात म्हणत आले. पहिल्या रविवारी सगळं चर्च थांबलं, फादरांनी तोंड उघडलं, आणि बाबांनी ती ओळ ठोकून दिली. दुकानदाराला वजन खोटं आहे सांगतानाचा आवाज असायचा ना, त्या आवाजात. पुढच्या बाकावर दातांच्या डॉक्टरीणबाई बसतात, त्यांच्या थेट कानात. त्या अशा वळून बघायला लागल्या की मला दाढ काढून घेतल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी यांनी वरून गायकांमधून मुद्दाम मोठ्याने खोकून बघितलं. बाबा खोकल्यापेक्षा मोठ्याने म्हणाले.

मी फादरांकडे माफी मागायला गेले. ते पूर्वी तर्कशास्त्र शिकवायचे, त्यांच्याशी जपून बोलावं लागतं. मला वाटलं, म्हणतील मागच्या बाकावर बसवा. त्यांनी विचारलं, "तुझे वडील चुकीचं काही म्हणतात का?" मी म्हटलं, नाही. "आपण म्हणत नाही असं काही म्हणतात का?" म्हटलं, नाही, फक्त आपल्या आधी म्हणतात. "मग घाई मीच करतोय. मी थांबत जाईन." तेव्हापासून फादर थांबतात. सगळं चर्च थांबतं. बाबा म्हणतात, मग फादर पुढे जातात. आम्ही आमच्या वेळेला पुन्हा म्हणतो. कोणाचं काही बिघडत नाही.

कम्युनियनचंही विचारलं होतं. मला वाटायचं द्यावं. मीच मागितलं, हे तुला सांगायला लाज वाटते. फादरांनी विचारलं, "बरे असताना त्यांनी घेतलं असतं?" मी म्हटलं, नाही. "मग नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं हो मी धरत नाही." बघ, तुझा मुद्दा माझ्याच फादरांनी माझ्यावर उलटवला. बाकीचे कम्युनियन घेतात तेव्हा बाबाही रांगेत चालत जातात, कारण रांग दिसली की ते लागतात. फादर त्यांच्या डोक्यावर हात ठेवायला जातात, तर बाबा तोच हात धरून हलवतात आणि विचारतात, "काटा तपासला का?" फादर म्हणतात, "रोज तपासतो साहेब." मग दोघंही खूश.

तुम्ही सगळे समजता मी नवऱ्यासाठी कॅथलिक झाले. तसं नाही. आपल्या घरात प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून घ्यायची, अगदी देवसुद्धा. दादा, तुला ते जमलं. मी दमले होते. मला कुठेतरी पाठ टेकायची होती, माझ्या आधी पुष्कळ लोकांनी तपासून ठेवलेल्या भिंतीला. तेवढंच होतं. बाबांना ते मी कधी सांगितलं नाही, आणि आता सांगून उपयोग नाही.

तू म्हणतोस, ते विरोध करतात. करत असतील. पण मग एक सांग, तुझ्या आश्रमात रोज सकाळी सगळेच ती ओळ एका दमात म्हणणार. त्या गलक्यात बाबा म्हणतात की नुसते ओठ हलवतात, हे कोणाला कळेल? ज्या रविवारी ते विसरतील त्या रविवारी कोणाच्या लक्षात येईल? इथे ती ओळ फक्त त्यांची आहे. त्यांचं प्रोटेस्टंटपण माझ्याच चर्चमध्ये जास्त ऐकू येतं.

बारकी

९ मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र आमच्या पाळकांना वाचून दाखवलं. ते आधी हसले, मग म्हणाले, हा फादर कुठे भेटेल? मग पुन्हा म्हणाले की तरी जागा सोडू नकोस, चोवीस तारखेच्या सोमवारपर्यंतच राखून ठेवता येईल.

तू जे विचारलंस ते बिनतोड आहे. पण बिनतोड आहे म्हणून पटलं असंही नाही. इंजिनियरचंही बिनतोडच होतं. बाबा नव्या काट्याबद्दल काय म्हणायचे? दुकानदार काय सांगतो ते ऐकून घ्या, मग आपलं वजन ठेवून बघा. मी येऊन बघतो.

त्याच्या आदल्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो, थेट चर्चमध्येच येईन. शेवटच्या बाकावर बसेन. गुडघे टेकणार नाही, तेवढं तुझ्या लोकांना सांगून ठेव, काळजीने कोणी विचारायला नको. बाबांची पेटी भरून ठेव. न्यायचं की नाही ते मिस्सेनंतर बोलू.

दादा

२४ मार्च

दादा,

मिस्सेनंतर बोलू म्हणालास आणि मिस्सा संपायच्या आत निघून गेलास. फोन उचलत नाहीस. वहिनी म्हणाली, घरी आलाय पण बोलत नाही. आजचा सोमवारही गेला. पेटी दारात आहे. कोट, दाढीचं सामान, आईचा फोटो, सगळं आत. बाबा येता-जाता तिला अडखळतात आणि विचारतात, पाहुणे कोण आलेत?

तू पार मागे होतास, पुढचं तुला नीट दिसलं नसेल, म्हणून लिहिते. आम्ही प्रार्थना म्हटली आणि थांबलो. फादर हात पसरून थांबले. आणि बाबाही थांबले. नेमके त्याच दिवशी. मी हळूच कोपराला हात लावला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई कुठे गेली?" त्या तासात त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. फादर तसेच थांबलेले. मला ती ओळ येत होती, पण मी म्हटली नाही. तू मागे उभा होतास. मी म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, बघ, बारकी त्यांच्या तोंडात शब्द घालते. आणि खरं सांगू? मी तुझ्या आवाजाची वाट बघत होते. तुझा आवाज आला नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी, मागे न बघता, सुरुवात केली. राज्य तुझं, म्हणून. बाई सबंध महिनाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. बाबा पुढे वाकले, त्यांच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "बाई, थांबा. ज्याचं त्याने म्हणायचं असतं." मग कोट खाली ओढून नीट केला आणि सगळी ओळ स्वतः म्हटली, फाटकाबाहेर ऐकू जाईल अशी. फादर हसले, लोक हसले, डॉक्टरीणबाई सगळ्यांत जास्त हसल्या. मी तुझं तोंड बघायला वळले, तर शेवटचा बाक रिकामा.

तुला कशाचा राग आला मला कळत नाही. त्यांना नेणार आहेस की नाही, एवढं एका ओळीत कळव.

बारकी

२८ मार्च

प्रिय बारके,

पेटी उघड. सामान कपाटात लाव. आश्रमाला मी त्या रविवारीच स्टेशनवरून फोन केला की जागा दुसऱ्या कोणाला द्या. तुला कळवायला हवं होतं. बोलताच येत नव्हतं. वहिनीला वाटलं मला ताप आहे.

राग आला नाही. मी रडत होतो, आणि तुझ्या चर्चमध्ये रडताना दिसायचं नव्हतं, म्हणून बाहेर गेलो. फाटकाबाहेर ऐकू जाईल म्हणतेस, तर गेलं ऐकू. मी फाटकाबाहेरच होतो.

आधीचं सांगतो. बाबा गप्प राहिले तेव्हा ती ओळ माझ्याही जिभेवर होती. मागून म्हटली असती तर त्यांना ऐकू गेली असती, माझा आवाज त्यांच्यासारखाच आहे. पण माझा नियम आहे ना, दुसऱ्याच्या वतीने म्हणायचं नाही. म्हटलं तर ते त्यांचं राहत नाही. नियम चांगला आहे, अजूनही मानतो. पण त्या अर्ध्या मिनिटात माझा बाप रिकामा उभा होता आणि मी नियम धरून मागे उभा होतो. डॉक्टरीणबाईंना नियम माहीत नव्हता. त्यांनी तो मोडला, आणि त्यांनी मोडला म्हणून बाबांना आठवला. ज्याचं त्याने म्हणायचं असतं. आपल्या घरातलं सगळ्यात आपलं वाक्य त्यांच्या तोंडून काढायला तुझ्या चर्चची बाई लागली. मी कितीही दाबून बघितलं तरी हे फुटत नाही.

मी कॅथलिक होणार नाही, काळजी करू नकोस. पाळकांना सांगितलं तर ते म्हणाले, यावर एक उपदेश होईल. मी म्हटलं, नको, आधी छप्पर दुरुस्त करू, बाकीच्या दोघांना बरोबर घेऊन.

एक मागतो. एक दिवस येईल तेव्हा ते गप्प राहतील, आणि डॉक्टरीणबाईंनी म्हटलं तरी गप्प राहतील. त्या दिवशी तू म्हण. पण तुमच्या वेळेला नाही, फादरांच्या नंतर नाही. आधी, बाबांच्या वेळेला. तू आहेस तीच राहा, फक्त तेवढी ओळ आपल्या घरची म्हणून म्हण. मी तुला कधी विचारणार नाही की कोणाच्या वतीने म्हटलीस.

तुझा,
दादा

१६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

फोन करणार होते, पण फोनवर मला धड सांगता आलं नसतं.

बाबा आता चाकांच्या खुर्चीत असतात, हे ती ढकलत नेतात आणि मग गायला वर पळतात. गेले दोन आठवडे ते एक शब्द बोलले नव्हते. आईचंसुद्धा विचारत नाहीत. तू मागच्या महिन्यात आलास तेव्हा निदान तुला "साहेब" तरी म्हणाले होते.

आज प्रार्थना झाली, आम्ही थांबलो, फादर थांबले. बाबा खाली बघत होते. डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सुरुवात करून दिली, आणि टकटक होईल म्हणून खांदा जरा मागे करून थांबल्या. टकटक झाली नाही. मग मी म्हटली. आधी, त्यांच्या वेळेला, एका दमात. शेवटपर्यंत म्हटली. सगळं चर्च ऐकत होतं आणि कोणी माझ्याबरोबर म्हटली नाही, ते मला फार बरं वाटलं.

बाबांनी मान वर केली. माझा हात घेतला, आपल्या तळहातावर ठेवला आणि वर-खाली करून तोलला, वाटी तोलतात तसा. मग फादरांकडे बघून नोकरीतल्या आवाजात म्हणाले, "बरोबर आहे. शिक्का मारा."

तुझी,
बारकी